घरात जन्मजात किंवा आनुवंशिक हृदयविकार आहे आणि रिसर्चसाठी विचारलंय? सही करायच्या आधी हे करा

मी नाशकात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरचं काम करते. म्हणजे डॉक्टर म्हणतात ना, ‘आमचा एक स्टडी चालू आहे, तुम्हाला यायचंय का बघा’, त्यानंतर तुमच्यासमोर फॉर्म घेऊन जो माणूस बसतो ती मी. ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले कुणी ना कुणी विचारत असतात की ताई, बाळाच्या हृदयाला भोक आहे, डॉक्टर अभ्यासात घेऊ म्हणतायत, सही करू का? माझं उत्तर ठरलेलं आहे, सही नंतर, आधी फाईल आणि घराण्याची माहिती. ज्या घरातले लोक कागद आणि प्रश्न घेऊन येतात त्यांना स्टडीचा फायदाही होतो आणि नको असेल तर नाही म्हणायचं बळही त्यांच्यात असतं, हे मी रोज बघते म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी कळू दे की आजार कुठला

दोन गोष्टींची फार गल्लत होते. जन्मजात म्हणजे हृदयाची रचनाच जन्मापासून वेगळी, पडद्याला भोक (व्हीएसडी, एएसडी), पीडीए म्हणजे जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी उघडीच राहणं, किंवा टेट्रालॉजी ऑफ फॅलो ज्यात बाळ रडताना निळं पडतं. हजार बाळांमागे साधारण ८ ते १० बाळांना असं काहीतरी असतं, आणि बऱ्याच वेळा एकच असं कारण सापडत नाही. इथे एक गोष्ट अगदी मनापासून सांगते, आईने ग्रहणात भाजी चिरली किंवा सुरी हातात घेतली म्हणून हे होत नाही. सासूबाई म्हणोत नाहीतर शेजारीण म्हणो, नाही होत. धोका वाढवणाऱ्या खऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आईची गर्भारपणाआधीपासूनची कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, गर्भारपणात सुरुवातीला झालेला रुबेला, फिटच्या काही गोळ्या, आणि बाळाला डाऊन सिंड्रोम असणं, त्यातल्या जवळपास निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो. स्टडीच्या फॉर्ममध्ये गर्भारपणाबद्दल हे सगळं विचारतात तेव्हा आईला दोषी ठरवायला नाही विचारत, कारण शोधायला विचारतात. त्यामुळे आई बोलत असताना बाकीच्यांनी मध्ये बोलू नका.

आनुवंशिक म्हणजे जीनमधून येणारे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी ज्यात हृदयाचा स्नायू जाड होतो, लाँग क्यूटी ज्यात हृदयाची वायरिंग बिघडते आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) मात्र नॉर्मल येतो, मार्फान ज्यात मुख्य रक्तवाहिनी फुगत जाते. यातल्या बहुतेकांत आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी, मुलगा मुलगी दोघांना सारखीच. आणि जन्मताच दिसेल असं नाही, काहींना विशी तिशीत कळतं, काहींना कधीच त्रास होत नाही पण पुढच्या पिढीत जातो.

डॉक्टरांकडून आजाराचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. ‘हार्टचा प्रॉब्लेम’ एवढ्यावर कुठलाच स्टडी सापडत नाही.

घराण्याचा नकाशा, हे सगळ्यात महत्त्वाचं

आनुवंशिक आजाराच्या संशोधनात मशीनपेक्षा जास्त कामाला येतो तो हा कागद, आणि तो हॉस्पिटलमध्ये सहसा आयता मिळत नाही, त्यातली माहिती घरातच असते. मोठा कागद घ्या, कॅलेंडरची मागची बाजू चालेल. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला आजार आहे त्याचा आकार भरून टाका, जो गेला त्याच्यावर तिरकी रेघ. कमीत कमी ३ पिढ्या. आईकडचे आणि वडिलांकडचे दोन्ही, आपल्याकडे आईच्या माहेरचा भाग नेहमी अर्धवट राहतो आणि नेमका धागा तिकडेच असतो. लेकी लग्न होऊन सिन्नरला, निफाडला, धुळ्याला गेल्या म्हणून त्यांना गाळू नका, आडनाव बदललं तरी जीन बदलत नाही.

आता विचारायचं कसं. ‘आपल्यात कुणाला हृदयविकार होता का’ असं विचारलं तर आजी नाही म्हणणार, कारण तिच्या आठवणीत ते तसं नाहीच. तिच्या आठवणीत आहे की धाकटा दीर झोपेतच गेला, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी होतं. म्हणून असं विचारा, चाळिशीच्या आत अचानक कोण गेलं? कुणाला फिट यायच्या आणि गोळ्या घेऊन पण थांबल्या नाहीत? कबड्डी खेळताना, पळताना, शाळेच्या मैदानावर कुणी कोसळलं होतं का? कुणी चांगला पोहणारा असून विहिरीत नाहीतर कॅनॉलला बुडाला का? हा शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही, कारण लाँग क्यूटीच्या एका प्रकारात पोहतानाच ठोके बिघडतात, आणि गावात ते ‘पाय घसरला’ म्हणून संपून जातं. दुसऱ्या एका प्रकारात अचानक मोठा आवाज, गजर, फोनची रिंग यांनी होतं. जन्मतः बहिरं मूल आणि सोबत चक्कर येऊन पडणं असं एकत्र असेल तर ते तर ठळक लिहा, दोन्ही एकाच जीनमुळे असू शकतं.

मामाच्या नाहीतर आत्याच्या घरात दिलं असेल, म्हणजे नात्यात लग्न असेल, तर तेही कागदावर दोन रेघांनी दाखवा. लाजायचं काही कारण नाही, कुणी नाव ठेवायला नाही बसलेलं, काही आजार दोन्हीकडून जीन आला तरच होतात म्हणून डॉक्टरांना हे कळणं गरजेचं.

आणि आपल्या नाशिकचा एक फायदा आहे जो बऱ्याच गावांना नाही. रामकुंडावर आणि त्र्यंबकला तीर्थपुरोहितांकडे घराण्यांच्या नामावळ्या आहेत, कोण कधी आलं, सोबत कोण होतं, कुणाच्या क्रियेसाठी आलं याच्या पिढ्यानपिढ्या नोंदी. मरणाचं कारण तिथे सहसा मिळणार नाही, बायकांची नावंही कमी सापडतील, पण पणजोबांना भाऊ किती होते, कुणाची क्रिया पोरवयातच झाली, हे कळायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. गावाचं नाव आणि आडनाव घेऊन जा, नोंद वाचून दाखवतात, तेव्हाच लिहून घ्या.

फाईल

पिशवी नको, फाईल हवी. साडीच्या दुकानाच्या पिशवीत दहा वर्षांचे रिपोर्ट उलटसुलट कोंबून आणतात लोक आणि मग नेमका पहिला इको सापडत नाही. तारखेप्रमाणे लावा, जुना खाली, नवा वर.

ईसीजीबद्दल खास लक्ष द्या. बरेच ईसीजी थर्मल कागदावर असतात, तो चकचकीत गुलाबी चौकटींचा कागद, त्याची शाई उन्हाने आणि प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये राहून उडते. चांगला राहावा म्हणून लॅमिनेशन करायला नेऊ नका, गरम रोलरमधून गेला की अख्खा कागद काळा पडतो आणि मग त्यात काहीच दिसत नाही. घरी आल्यावर त्याच दिवशी मोबाईलवर सरळ वरून फोटो घ्या, एक झेरॉक्स काढा, झेरॉक्सवर नाव आणि तारीख पेनाने लिहा. लाँग क्यूटीमध्ये जुना ईसीजी म्हणजे सोनं, त्यावरच्या बारीक चौकटी मोजूनच निदान होतं.

टू डी इकोचा नुसता रिपोर्ट नका घेऊ, चित्रं पेन ड्राइव्हमध्ये मागा. ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोट वेगळी मागा, पॅच कुठे लावला, शंट (रक्त वळवणारी नळी) टाकला का, झडप बदलली का हे त्यात असतं. डिव्हाइस किंवा झडप बसवली असेल तर तिचं कार्ड येतं, ते जपून ठेवा. लहानपणी फॅलोचं ऑपरेशन झालेली मुलं मोठी होतात, कंपनीत लागतात, लग्न होतं, आणि घरच्यांना वाटतं ऑपरेशन झालं म्हणजे विषय संपला. तसं नाहीये, फुप्फुसाकडे जाणारी झडप गळत राहते आणि उजवा कप्पा हळूहळू मोठा होतो, काहींना पुढे झडप बदलावी लागते, म्हणून आयुष्यभर तपासणी लागते. या मोठ्या झालेल्या पेशंटवरच आज जगभर बराच अभ्यास चालू आहे आणि नेमक्या त्यांच्याच जुन्या नोट्स सापडत नाहीत. ज्या हॉस्पिटलला ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

स्टडी कुठला आहे ते ओळखा

सगळ्याच स्टडीत औषध देत नाहीत. काहींमध्ये फक्त माहिती गोळा करतात, म्हणजे रजिस्ट्री, तुमची ट्रीटमेंट आहे तशीच चालते. काहींत रक्त किंवा लाळ घेऊन जीन बघतात. काहींत खरंच नवीन औषध, नवीन डिव्हाइस नाहीतर दोन ऑपरेशनच्या पद्धतींची तुलना असते. पहिलाच प्रश्न हा विचारा, ‘यात माझ्या ट्रीटमेंटमध्ये काही बदलणार आहे का?’

आडगावच्या मेडिकल कॉलेजला किंवा अशा कुठल्याही शिकवणाऱ्या हॉस्पिटलला गेलात तर एमडी करणारे तरुण डॉक्टर थिसिससाठी विचारतात. आरोग्य विद्यापीठ तर आपल्याच म्हसरूळला आहे, आणि थिसिस केल्याशिवाय पदवी मिळत नाही, त्यामुळे हे नेहमीचं आहे, घाबरायचं काही नाही. पण त्यालाही एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन पेशंटसाठी योग्य आहे ना हे तपासणाऱ्या समितीची, परवानगी लागतेच, आणि फक्त थिसिससाठी म्हणून जास्तीची जी टेस्ट आहे तिचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात.

औषधाची ट्रायल असेल तर ती सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियावर नोंदलेली पाहिजे. २००७ मध्ये सुरू झालेली ही आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सरकारी वेबसाइट आहे, २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली, बघायला पैसे लागत नाहीत. कोऑर्डिनेटरकडून नोंदणीचा नंबर घ्या, सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि पुढे आकडे असा असतो, तो टाकून बघा, कोण करतंय, पैसा कुणाचा, किती लोक घेणार, कुठल्या वयाचे, सगळं दिसतं. इंग्रजीत आहे, घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. आणि उलटंही करता येतं, आजाराचं नाव टाकून कुठे काय चालू आहे ते शोधता येतं. नाशकात काही नसलं तरी परळला केईएम किंवा वाडिया, पुण्याला असं काही निघू शकतं, मग त्या हॉस्पिटलच्या ओपीडीतून विचारा.

ऑपरेशन फुकट होईल म्हणून स्टडीत येऊ नका. त्यासाठी वेगळे रस्ते आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे हृदयदोष त्यात आहेत, शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. सिव्हिलला जाऊन विचारा. पैशाची सोय या बाजूने झाली की स्टडीला हो किंवा नाही म्हणताना डोक्यावर ओझं राहत नाही.

फॉर्म कसा वाचायचा

फॉर्म मराठीत मागा, तुमचा हक्क आहे. घरी न्या. कुणी म्हणालं की आत्ताच सही हवी, तर शांतपणे सांगा की घरी विचारून येतो, आणि नसेल जमत तर राहू दे. इमर्जन्सी सोडून बहुतेक स्टडीत दोन दिवसांनी काही बिघडत नाही. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर असायला हवा आणि त्याच्यासमोर सगळं वाचून दाखवून मगच अंगठा. सही केलेली एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे.

वाचताना पेनाने खुणा करा. माझ्या समोर बसलेल्यांनी जे विचारावं असं मला वाटतं ते असं, स्टडीत नाही आलो तर माझ्या मुलाला काय ट्रीटमेंट मिळेल? जास्तीच्या फेऱ्या किती, आणि कसारा घाट उतरून मुंबईला जायचं तर गाडीभाडं आणि बुडालेला रोज कोण देणार? मुलाच्या चालू गोळ्या बंद कराव्या लागतील का? रक्त किती, सॅम्पल किती वर्षं ठेवणार, बाहेर पाठवणार का? मध्येच सोडायचं म्हटलं तर? याचं उत्तर पक्कं आहे, कधीही सोडता येतं, कारण सांगायची गरज नाही, आणि नेहमीच्या ट्रीटमेंटवर त्याचा परिणाम होऊ द्यायचा नसतो. तसं होतंय असं वाटलं तर फॉर्मवर एथिक्स कमिटीचा नंबर असतो, तिथे फोन करा. त्या कमिटीत कमीत कमी ७ जण असतात, सगळे डॉक्टर नसतात, एक कायद्याचा माणूस आणि एक सर्वसामान्य नागरिकही असतो, ते तुमच्यासाठीच बसवलेले आहेत.

२०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हे फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं, ते कलम शोधून वाचा. गंभीर काही झालं, ॲडमिट व्हावं लागलं, तर लगेच आम्हाला कळवा, रात्री असेल तरी, कारण ते कळल्यापासून डॉक्टरांना २४ तासांत वरती कळवावं लागतं. ‘सकाळी सांगू, कशाला त्रास’ असं करू नका.

बऱ्याच ट्रायलमध्ये कुणाला कुठलं औषध हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि त्यावर लोक सगळ्यात जास्त अडतात. ‘आमच्या मुलाला चांगलं औषध द्या ना’ म्हणतात. अहो, कुठलं चांगलं हे माहीत असतं तर ट्रायल केलीच नसती. मार्फानचं बघा, उंदरांवरच्या प्रयोगात लोसार्टन इतकं छान चाललं की सगळ्यांना वाटलं आता हेच औषध. मग ६०८ मुलं आणि तरुणांवर लोसार्टन आणि जुनं अटेनोलॉल अशी तुलना झाली, २०१४ मध्ये निकाल आला, ३ वर्षांत रक्तवाहिनी फुगण्यात दोघांत फरक दिसला नाही. ज्या आईबापांनी तेव्हा मुलाला ‘नवीनच द्या’ म्हणून हट्ट धरला असता त्यांना जास्तीचं काही मिळालं नसतं, आणि अटेनोलॉलच्या गटात गेलेल्या मुलांचं नुकसानही झालं नाही. आज डॉक्टर दोन्हीतलं जे सोसेल ते देऊ शकतात ते त्या ६०८ जणांमुळे.

जीन टेस्टचं थोडं वेगळं आहे

घरात ज्याला आजार नक्की आहे त्याची टेस्ट आधी, धडधाकट माणसाची नाही. त्याच्यात बदल सापडला तरच बाकीच्यांत तो शोधण्याला अर्थ. रिपोर्ट तीन तऱ्हेचे येतात, आजार करणारा बदल सापडला, काही सापडलं नाही, किंवा बदल आहे पण त्याचा अर्थ अजून लागलेला नाही. या तिसऱ्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका, ना गोळी, ना लग्न मोडणं. काही वर्षांनी त्याचा अर्थ बदलू शकतो म्हणून डॉक्टरांकडे परत विचारायचं. आणि टेस्टमध्ये काही नाही सापडलं म्हणजे आजार नाही असं नसतं, इको आणि ईसीजी चालूच ठेवायचे.

आपल्या लोकांचे सॅम्पल अभ्यासात असणं का गरजेचं याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेतल्या के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एमवायबीपीसी३ नावाच्या जीनमधली २५ अक्षरं गळालेली असणं हे भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांत आढळतं आणि त्याचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध आहे. युरोपातल्या लोकांवर अभ्यास करून हे दिसलंच नसतं. पुढच्या अभ्यासांत कळलं की हा बदल असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही, काहींत त्याच जीनमधला आणखी एक बदल सोबत असतो तेव्हा धोका जास्त दिसतो. म्हणजे पहिल्या निकालावरच थांबले असते तर लाखो लोक उगाच धास्तावले असते.

टेस्टआधी हे विचारून ठेवा की रिझल्ट मला सांगणार का, आणि दुसरंच काही निघालं तर तेही सांगणार का. घरातल्या कुणाला जाणून घ्यायचं नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती नको. लाँग क्यूटी निघाला तर मात्र एक कागद कायम पाकिटात ठेवा आणि मेडिकलवाल्याला कुठलीही गोळी घेताना दाखवा, काही साध्या अँटीबायोटिक गोळ्यासुद्धा त्यांना चालत नाहीत.

मुलांचं

मुलासाठी सही आईबाप करतात. सुरगाणा, पेठकडची मुलं आश्रमशाळेत असतात, तिथे तपासणीत हृदयाचा आवाज वेगळा आला म्हणून पुढे पाठवलं जातं, हे फार चांगलं आहे, पण रिसर्चसाठीची संमती मुख्याध्यापकांच्या सहीने होत नाही, आईबापांना गाठावंच लागतं, आणि त्यांच्या बोलीत समजावून सांगणारं कुणीतरी सोबत पाहिजे.

मुलालाही विचारायचं असतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ७ वर्षांपासून तोंडी आणि १२ पासून लेखी होकार घ्यायचा. खरं सांगा त्याला, सुई टोचणार आहे तर टोचणार आहे म्हणा, मशीनमध्ये आवाज होतो तर होतो म्हणा. ‘काही नाही रे, फोटो काढणारेत’ असं सांगून आणलेलं मूल पहिल्या सुईनंतर कुणावरच विश्वास ठेवत नाही, पुढची प्रत्येक फेरी मग रडारडीत जाते.

वर्षानुवर्षं चालणाऱ्या स्टडीत मूल १८ चं झालं की तुमची सही संपते, त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते. त्या वेळी फाईल आणि तो घराण्याचा कागद त्याच्या हातात द्या, त्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या, आणि तो नाही म्हणाला तर तिथे थांबा.